कोंबडबेट

पान चौदावर मी एक स्वल्पविराम घातला, खालच्या ओळीत दोन शब्दांमधली जास्तीची जागा मिटवली, आणि मग माझ्या ध्यानात आलं की ही बोलणारी बाई म्हणजे माझी आई आहे. लाल पेन हातातच राहिलं. सोमवारची सकाळ होती. अकराव्या मजल्यावरच्या खिडकीतून बुसानचं बंदर दिसत होतं आणि जवाचा चहा टेबलावर केव्हाच गार झाला होता. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका कंपनीत मी एकतीस वर्षं प्रुफं तपासली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी कागद समोर आला की डोक्याआधी हात चालतो. आम्हा प्रुफवाल्यांचा हा रोगच आहे. छापलंय त्यातली चूक झटकन दिसते, पण जे छापलंच नाही ते वाहून गेलं तरी पत्ता लागत नाही. मी पान पुन्हा वरून वाचलं. वर नाव होतं, बू जोंगसेंग, वय चौऱ्याऐंशी, जन्म ओसाका, मूळ जेजू बेट, पेशा समुद्रात बुडी मारणे. त्याखाली तीन वाक्यं होती. ‘मी सतरा वर्षांची असताना दोकदोला, आपल्या एकाकी बेटाला गेले. मातृभूमीचं ते टोक राखताना आम्हा बायकांची मान अभिमानानं ताठ होत असे. लाटा उंच होत्या, पण आमची मनं त्याहून उंच होती.’ माझ्या आईनं चौऱ्याऐंशी वर्षांत ‘अभिमान’ हा शब्द तोंडातून काढल्याचं मला आठवत नाही. मन उंच होतं असं कुणी तिला सांगितलं असतं तर तिनं समुद्राची खोली विचारतात तसं विचारलं असतं, किती वाव? तीन वाक्यांत व्याकरणाची एकही चूक नव्हती, मी घातलेला स्वल्पविराम सोडला तर.

ही पानं ज्या पाकिटातून आली होती त्यात सोबत एक चिठ्ठी होती. बंदराजवळ नवीन बांधलेल्या ‘सागरस्मृती भवना’त पंचवीस ऑक्टोबरला प्रदर्शन उघडायचं होतं, ‘बेटावरच्या बाया’ नावाचं. एका भिंतीवर आईचा जुना फोटो मोठा करून लावणार आणि खाली ही तीन वाक्यं. कुटुंबीयांनी मजकूर पाहून सही करून द्यावी. खाली क्वाक यांची सही. क्वाक म्हणजे त्या भवनाचे संग्रहपाल. पंचेचाळिशीचे, गोल चेहऱ्याचे, घरात शिरताना बूट काढून ते उलट फिरवून ठेवणारे व्यवस्थित गृहस्थ. एप्रिलमध्ये ते यॉंगदोच्या चढावरच्या आईच्या घरी रेकॉर्डर घेऊन आले होते आणि दोन तास चाळीस मिनिटं बसले होते. मी नाशपाती कापून देत होते. दोन तास चाळीस मिनिटांची तीन वाक्यं झाली होती.

आईनं त्या दिवशी काय सांगितलं ते मला शब्दाशब्दानिशी पाठ आहे, कारण तिचं बोलणं विसरणं शक्य नसतं. ती ओरडते. साठ वर्षं पाण्याखाली उतरून तिचे कान गेलेत, त्यामुळे मीठ मागायचं म्हटलं तरी ती बोटीवरून बोटीवर हाक मारल्यासारखी बोलते. ‘मला वाटलं कोंबड्या असतील!’ असं तिनं सुरू केलं आणि क्वाक यांनी रेकॉर्डर जरा लांब सरकवला. ‘बोटवाला म्हणाला, दोकच्या बेटावर नेतो. आता आमच्या जेजूत दोक म्हणजे कोंबडी. दुसरं काय असणार? घरात अंडं दिसायचं ते फक्त बापाच्या ताटात. म्हटलं, बेटभर कोंबड्या, चंगळ आहे! मी माल्सुनला म्हटलं, टोपली घे गं. आणि टोपली घेऊन आम्ही बोटीत. बोटवाला विचारतोय, टोपली कशाला? म्हटलं, अंड्यांना! तो मेला बेट येईपर्यंत हसत होता.’ क्वाकही हसले होते. चष्मा काढून डोळे पुसले होते त्यांनी. मग मलाच, शिकलेल्या माणसाशी बोलावं तसं, हळू आवाजात सांगितलं की बाई, यात गंमत अशी आहे की तो बोटवाला जवळच्या उल्लुंग बेटाचा. त्या लोकांच्या बोलीत दोक म्हणजे दगड. दगडाचं बेट. मग नाव कागदावर चिनी अक्षरांत चढवताना दोकचं अक्षर पडलं ते ‘एकटा’ या अर्थाचं. म्हणून आपण सगळे एकाकी बेट म्हणतो. आईला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ती पुढे निघून गेली होती, दोन काळ्या कातळांवर, जिथे तिच्या म्हणण्याप्रमाणे बकरीलासुद्धा नीट उभं राहता येणार नाही. पश्चिमेकडच्या कातळाला एक गुहा होती, फटीतून पाणी ठिबकायचं, दिवसाला बादलीभर. खाली गोट्यांवर फळ्या टाकून आठ बायका आडव्या पडायच्या. अंग ओलं असायचं ते तीन महिने ओलंच.

‘एकाकी कसलं,’ ती क्वाकवर ओरडली होती, कारण त्यांनी कागदावर तो शब्द लिहून तिच्या डोळ्यांसमोर धरला होता आणि मी तिच्या कानात सांगितला होता. ‘दोन आहेत की! दोघांना एकटं कसं म्हणायचं? आणि कुरवांचा कलकलाट, आणि ते मिशीवाले समुद्रसिंह शेजारी येऊन फुसफुसणार, आणि आम्ही आठ बाया भांडणाऱ्या. एकटं व्हायला तिथं जागा तरी होती का?’ मला तेव्हा थोडी लाज वाटली होती. मला आईची नेहमीच थोडी लाज वाटत आली आहे, हे लिहून टाकलेलं बरं.

ही लाज दहाव्या वर्षी सुरू झाली. यॉंगदोची शाळा, चौथी इयत्ता, मुलींच्या बाकांवर कोळशाच्या शेगडीची ऊब यायची नाही. गुरुजींनी नकाशावर निळ्या पाण्यात टिकली एवढा ठिपका दाखवला आणि विचारलं, हे काय? माझा हात सगळ्यांत आधी वर. माझी आई इथे जाऊन आलीये, गुरुजी! मला वाटलं आता सगळा वर्ग माझ्याकडे बघणार. काय नाव याचं? मी म्हटलं, कोंबडीचं बेट. वर्ग बघायला लागला तो खरंच. हसू थांबेना. पुढच्या बाकावरची मुलगी ‘कुकूच कू’ करायला लागली. गुरुजी हसले नाहीत, ते जास्त वाईट. देशाच्या जमिनीची थट्टा करतेस म्हणून त्यांनी पट्टीनं तळहातावर पाच फटके मारले आणि फळ्यावर ‘एकाकी बेट’ वीस वेळा लिहायला लावलं. माझं अक्षर तेव्हापासून फार सुरेख आहे. घरी आले तेव्हा आई दारात बसून शंख फोडत होती. तिला बघून मी म्हटलं, तुला काही येत नाही, तू अडाण्यासारखं बोलतेस. त्या दिवसापर्यंत मी तिला ‘ओमंग’ म्हणायची, जेजूत आईला म्हणतात तसं. त्या दिवसापासून शाळेतल्या पुस्तकात असतं तसं ‘ओमोनी’ म्हणायला लागले. तिनं काही विचारलं नाही. शंख फोडून झाले, हात धुतले, मला भात वाढला. आणि मी मोठी होऊन काय झाले तर लोकांच्या बोलण्यातून बोली काढून टाकणारी बाई. एकतीस वर्षं लाल पेनानं मी किती ओमंगच्या ओमोनी केल्या असतील कुणास ठाऊक.

मी क्वाक यांना फोन लावला. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला, म्हणजे ते वाटच बघत असावेत.

‘बाई, वाचलंत?’

‘वाचलं. स्वल्पविराम एक राहिला होता, तो घातला. बाकी माझी आई कुठे दिसली नाही.’

मग म्हणाले, ‘कोंबडीचं मी शेवटपर्यंत लावून धरलं होतं. खरं सांगतो. समितीत सात जण. एक जण म्हणाला, शाळेची मुलं येणार, घरी जाऊन कोंबडबेट म्हणायला लागली तर आईबापांचे फोन येतील.’

‘आणि म्हाताऱ्याची गोष्ट?’

‘ती तर शक्यच नाही, बाई. तुम्हीच सांगा.’

म्हाताऱ्याची गोष्ट अशी. आई एकदा बुडी मारून वर आली. वर आल्यावर या बायकांच्या छातीत कोंडलेला श्वास शीळ होऊन बाहेर पडतो. तशी तिची शीळ गेली, डोळ्यांतलं पाणी निपटलं, तर हातभर अंतरावर एक छोटी बोट. बोटीत गंजीफ्रॉक घातलेला जपानी म्हातारा. ‘दचकला बिचारा! समुद्रसिंहानं पोरीचं तोंड लावलंय असं वाटलं असेल.’ त्यानं विचारलं, कुठून आलीस? आई ओसाकात जन्मलेली, आठ वर्षांची होईतो तिथेच शाळेत गेलेली, तिला जपानी येत होतं, किंबहुना तेव्हा तेच नीट येत होतं. ती म्हणाली, खालून. म्हातारा म्हणाला, हे ताकेशिमा आहे, ठाऊक आहे का? ताके म्हणजे बांबू, शिमा म्हणजे बेट. आई म्हणाली, कुठाय बांबू? एक काडी दाखवा, आजोबा. म्हातारा म्हणाला, मग तुमच्यात काय म्हणतात? आई म्हणाली, कोंबडबेट. म्हातारा म्हणाला, कुठाय कोंबडी? ‘आणि मग दोघंही हसायला लागलो. मी तरंगता भोपळा धरून हसतेय, नाकातोंडात पाणी जातंय, तो बोटीत बसून पोट धरतोय. मग त्यानं गळाची बांबूची काठी माझ्याकडे टाकली. म्हणाला, घे, आता तरी माझं नाव खोटं नको पडायला. मी कातळावर चढून कुरवाची दोन अंडी आणली. म्हटलं, घ्या, कोंबडीची आहेत. त्या काठीवर आम्ही महिनाभर कपडे वाळत घातले. मग पहाऱ्याला आपली माणसं आली, त्यांनी ती चुलीत घातली. लाकूडच नव्हतं ना तिथं.’ एवढं सांगून आईनं नाशपातीची फोड तोंडात टाकली होती आणि चावता चावता म्हणाली होती, ‘बांबू नाही तिथं तो बांबूबेट म्हणत होता, कोंबडी नाही तिथं मी कोंबडबेट. दोघंही चुकलो होतो.’

‘तो एक शब्द, बाई,’ क्वाक फोनवर म्हणाले. ‘दोघंही. बाकी सगळं एकवेळ चाललं असतं. पण बेटावर हक्क सांगणारे ते पलीकडचे जपानी उद्या तेवढाच कापून फिरवतील, की बघा, कोरियाची म्हातारी काय म्हणते. आणि आपले गप्प बसतील का? तुमच्या आईच्या फोटोखाली काय काय लिहितील. जपान्यांची हस्तक म्हणतील. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिला हे कशाला?’

‘आणि मी सही नाही केली तर?’

‘तर फोटो लावता येणार नाही. दुसरी एक आजी आहेत, पोहांगच्या.’ मग घाईघाईनं म्हणाले, ‘मी धमकी देत नाहीये हो. मला तुमच्या आई फार आवडल्यात.’

मला त्यांचा राग येईना, हा आणखी एक त्रास. माणूस खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलेली भीती खरी होती. मी स्वतः त्या बेटाची बातमी टीव्हीवर लागली की खुर्चीत पुढे सरकते, पलीकडच्या मंत्र्यानं काही म्हटलं की माझ्या मानेची शीर उडते. ते आपलं आहे याबद्दल मला शंका नाही, आणि तरी त्या गंजीफ्रॉकवाल्या म्हाताऱ्याचा विचार आला की मला हसू येतं. ही दोन्ही माझ्याच आत आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत. मी काचेत बघितलं, तर मी लाल पेन कानावर अडकवलं होतं, जुन्या सवयीनं.

दुपारी बस पकडून पूल ओलांडून यॉंगदोला गेले. आई घरात नव्हती. बुडीवाल्या बायकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये सापडली, उलट्या घमेल्यावर बसलेली, भोवती पाच-सहा जणी समुद्री काकड्या साफ करतायत. तिनं केस नुकतेच कुरळे करून घेतले होते. औषधाचा वास येत होता. आणि अंगात फिकट जांभळा नवा ब्लाउज. प्रदर्शनाला अजून नऊ दिवस होते.

‘आजपासूनच घालून बसलीये,’ एक म्हातारी मला म्हणाली. ‘सकाळपासून मिरवतेय तुझी आई. भिंतीवर चढणार आहे म्हणे.’

‘तू चढ की,’ आई ओरडली. ‘तुझा फोटो काढायला कॅमेऱ्यात मावायला हवीस ना!’ सगळ्या हसल्या. मग मला जवळ ओढून तिनं तिच्या मते कुजबुजत, म्हणजे सगळ्या शेडला ऐकू जाईल असं विचारलं, ‘केवढा करणार गं फोटो? माणसाएवढा?’

‘त्याहून मोठा.’

‘मग माल्सुनचं तोंड नीट दिसेल.’ तिनं हातातली काकडी घमेल्यात टाकली. ‘तिचा दुसरा फोटोच नाही ना कुठं. तिची आई गेली तेव्हा तिच्या फोटोशेजारी ठेवायलासुद्धा नव्हता.’

त्या फोटोत तीन मुली कातळावर उभ्या आहेत, सुती पोशाख अंगाला चिकटलेला, डोळे उन्हानं बारीक. डावीकडची आई. मधली माल्सुन, तिच्या हातात ती टोपली. माल्सुन त्याच उन्हाळ्यात खाली गेली आणि तिची शीळ कुणी ऐकली नाही. लहानपणी मी विचारलं की आई म्हणायची, तिथंच आहे ती. रेकॉर्डरपुढेही ती मरणाबद्दल बोलली नाही. क्वाक यांनी विचारलं, मग परत कसे आलात? ती म्हणाली, ‘बोटीनं. जाताना टोपली माल्सुनकडे होती. येताना मी आणली.’ आणि मग विचारलं, बाळा, नाशपाती खा की, काळी पडतेय. क्वाक यांच्या हातातलं पेन त्या वेळी थांबलं होतं. तेही तीन वाक्यांत नव्हतं.

मी शेडमध्ये तिच्या शेजारी टेकले. पाकीट पिशवीत होतं. सांगायला हवं होतं की तुझं बोलणं काढून टाकलंय, तुझी कोंबडी काढली, म्हातारा काढला, टोपली काढली. विचारायला हवं होतं की तू सांग, काय करू. तोंड उघडलं आणि पाच-सहा म्हाताऱ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. कुठलीही गोष्ट तिला सांगायची तर गावभर ओरडून सांगावी लागते. मी म्हटलं, ‘ब्लाउज छान आहे.’ ती म्हणाली, ‘काय?’ मी ओरडले, ‘ब्लाउज छान आहे!’ घरी परत येताना बसमध्ये, मांडीवर पर्स ठेवून, तिच्यावर कागद ठेवून मी सही केली. माझी सही सुरेख आहे. माल्सुनसाठी केली असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं, पण त्यात शाळेतली ती पट्टीही होती, तळहाताला आठवत होती. आयुष्यात एवढी प्रुफं मी मंजूर केली, कधी झोप उडाली नाही. त्या नऊ दिवसांत मात्र रोज सकाळी दात घासताना तीन वाक्यं तोंडात यायची आणि मी चूळ भरायची.

आईला वाचता येत नाही, हे सांगायचं राहिलं. म्हणजे येतं, पण जपानी अक्षरं येतात, ओसाकाच्या शाळेत आठव्या वर्षापर्यंत शिकलेली. परत आल्यावर आपली अक्षरं शिकवायला तिला कुणी शाळेत घातलं नाही, समुद्रात घातलं. आयुष्यभर ती दुकानांच्या पाट्या विचारत फिरली. मी प्रुफं तपासायची ती पुस्तकं ती उलटी धरून चित्रं बघायची. भिंतीवर काय लिहिलंय हे ती मलाच विचारणार, हे मला सही करतानाही ठाऊक होतं. कदाचित त्याच बळावर केली.

पंचवीस तारखेला भवनात गर्दी होती. बाहेर झेंडे, आत शाळेच्या मुलांची रांग, छातीवर गुलाबी फुलं लावलेले पाहुणे. क्वाक यांनी आईला कमरेत वाकून नमस्कार केला आणि स्वतः तिचा हात धरून भिंतीपाशी नेलं. आई नव्या चपलांत जपून चालत होती. भिंत खरोखर मोठी होती. तिघी मुली छतापर्यंत पोचल्या होत्या. आईनं स्वतःकडे बघितलंच नाही. ती सरळ मधलीपाशी गेली. माल्सुनची टोपली आईच्या डोळ्यांसमोर येत होती. तिनं हात पुढे केला आणि टोपलीच्या विणीवर बोट फिरवलं, एक मुलगा म्हणाला, ‘आजी, हात नाही लावायचा,’ पण ते तिला ऐकू आलं नाही. मला वाटलं, झालं, मी बरोबर केलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. समुद्रात उतरणाऱ्या बायकांना सगळ्यांसमोर रडायची सवय नसते.

मग ती वळली. ‘खाली लिहिलंय ते वाच.’

मी तिच्या कानाशी तोंड नेलं.

‘जोरात. ऐकू नाही येत.’

मी भिंतीकडे बघितलं. काळ्या ठळक अक्षरांत तीन ओळी, माझा स्वल्पविराम जागच्या जागी. ‘मी सतरा वर्षांची असताना,’ मी मोठ्यानं वाचलं, आणि पुढच्या शब्दापाशी माझी जीभ अडकली, फळ्यापुढे उभी राहिल्यासारखी, हातात खडू. आई वाट बघत होती, चांगला कान माझ्याकडे करून, तोंड थोडं उघडं. ‘मी सतरा वर्षांची असताना कोंबडबेटावर गेले,’ मी म्हटलं. जोरात म्हटलं. तिला ऐकू जाईल इतकं. मुलांच्या रांगेत कुणी तरी फिसकन हसलं. ‘मला वाटलं कोंबड्या असतील. मी माल्सुनला म्हटलं, टोपली घे.’ आईचा चेहरा उजळायला लागला. मी भिंतीवरच्या ओळींवरून बोट फिरवत होते आणि भिंतीवर नव्हतं ते वाचत होते. बोटवाला हसला, गुहेत पाणी ठिबकलं, म्हातारा दचकला. कुठाय बांबू? कुठाय कोंबडी? हॉलमधली कुजबुज थांबत गेली. छातीवर फूल लावलेला एक पाहुणा क्वाक यांच्याकडे बघत होता आणि क्वाक जमिनीकडे बघत होते. माझा आवाज चिरकला होता. ‘दोघंही चुकलो होतो,’ मी ओरडले, आईच्याच आवाजात, तो कुठून आला मला ठाऊक नाही. ‘जाताना टोपली माल्सुनकडे होती. येताना मी आणली.’

संपलं. आई मान डोलावत होती. अगदी असंच सांगितलं होतं मी, अशा अर्थानं. मग तिनं भिंतीकडे बघितलं. जरा पुढे झाली. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं आणि हळूहळू शेवटपर्यंत नेलं. दुसरी ओळ. तिसरी. तिसरीनंतर नुसती पांढरी भिंत होती. तिचं बोट तिथं थोडा वेळ थांबलं. जाळीतले शंख अंदाजानं मोजणारी बाई ती, ओझं किती आणि जागा किती, हे तिला कळतं.

‘एवढंसंच आहे की गं हे,’ ती म्हणाली. ‘तू तर केवढं वाचलंस.’

मी भिंतीवरच्या माझ्या स्वल्पविरामाकडे बघितलं.

‘इनसुक,’ तिनं मला हाक मारली.

‘काय, ओमंग?’ पन्नास वर्षांनी तो शब्द तोंडात आला, आणि आला तो तिला ऐकू न जाण्याइतका हळू.

‘आता लिहिलंय तेवढंच वाच.’

मी वाचलं. एकाकी बेट वाचलं, मातृभूमीचं टोक वाचलं, ताठ माना वाचल्या, उंच लाटा आणि उंच मनं वाचली. वाचायला काहीच वेळ लागला नाही. स्वल्पविरामापाशी थांबलेसुद्धा. आई लक्ष देऊन ऐकत होती, शेजारणीच्या घरातली कुणाकुणाची बातमी ऐकावी तशी. मग तिनं वर फोटोकडे बघितलं, मग पुन्हा खालच्या ओळींकडे, आणि तिच्या नेहमीच्या आवाजात, सबंध हॉलला ऐकू जाईल असं विचारलं,

‘ही कोण बाई? हिच्याबरोबर माल्सुन कशाला जाईल?’